'आढळत नाही' आणि 'आढळली नाही'

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बसवनगुडी येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यवाहांनी आम्हांस भाषणाचे निमंत्रण दिले, तेव्हा विषय निवडण्याची मोकळीकही दिली. अशी मोकळीक मिळाली की वक्ते बहुधा नाट्यसंगीताकडे, संतवाङ्मयाकडे, नाही तर गडकिल्ल्यांकडे वळतात. आणि ते स्वाभाविकही आहे. गावापासून दूर राहणाऱ्या माणसाचे मन गावाकडेच धावणार. आम्ही मात्र आज आपणांस उलट दिशेला, बंगालच्या उपसागरापार नेणार आहोत. तेथील निर्जन बेटांवरील रानझाडे कशी गोळा करतात, त्यांची नोंद व नकाशे कसे तयार होतात, आणि त्या नकाशांचे पुढे काय होते, हा आजचा विषय आहे.

आरंभीच सांगावयास हवे की, आम्ही वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक नाही. आमची पदवी बी. ए. ची, तीही इतिहास घेऊन. केंद्र सरकारच्या सेवेत बदली नेईल तेथे जावे लागते, त्याप्रमाणे काही वर्षे आम्ही पोर्ट ब्लेअर येथे काढली. या गावाचे नाव २०२४ सालापासून श्री विजयपुरम असे झाले आहे. परंतु आमच्या तोंडी जुनेच बसले असल्याने ते आले तर चालवून घ्यावे. आमचे काम कागदांचे. वनस्पती गोळा करण्यासाठी बेटोबेटी जाणाऱ्या मंडळींचे दौरे, परवाने, होड्यांची भाडी व देयके आमच्या टेबलावरून जात. संध्याकाळी ही मंडळी चहाला थांबत आणि बोलत. जे काही आम्हांस ठाऊक आहे, ते त्या चहाच्या कपांतून आलेले आहे.

मराठी माणसाला अंदमान म्हटले की सेल्युलर जेल आठवते. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ पासून दहा वर्षे तेथे होते, आणि त्यांच्या कोठडीपुढे हात जोडून उभे राहणारी मराठी कुटुंबे आम्ही प्रतिवर्षी पाहिली. दुसऱ्या दिवशी तीच कुटुंबे बोटीने पर्यटनाच्या बेटावर जात, पांढऱ्या वाळूवर छायाचित्रे काढीत आणि तिसऱ्या दिवशी विमानात बसत. त्यांत गैर काही नाही. परंतु सरकारी मोजदादीप्रमाणे बेटे, बेटुकली व खडक मिळून तेथे ८३६ भूभाग आहेत, आणि २०११ च्या जनगणनेत वस्ती आढळली ती केवळ ३१ बेटांवर. उरलेल्या ठिकाणी झाडे राहतात.

चेन्नईपासून सुमारे १२०० किलोमीटर अंतरावरील ही माळ उत्तरेस ब्रह्मदेशाकडे आणि दक्षिणेस सुमात्राकडे तोंड करून आहे. अंदमानातील झाडांची नाती ब्रह्मदेशातील अरण्यांशी जुळतात, तर निकोबारची सुमात्रा व मलाया यांच्याशी. या दोहोंच्या मधून दहा अंशांची खाडी जाते. खाडी म्हणायची, परंतु रुंदी दीडशे किलोमीटरांच्या आसपास. सपुष्प वनस्पतींच्या दोन ते अडीच हजार जाती या बेटांवर असाव्यात असे मानतात. त्यांतली साधारण दर दहांपैकी एक जगात इतरत्र कोठेही नाही. ती तेथे संपली की संपलीच.

या झाडांच्या मागे लागलेल्या माणसांची कथा दीर्घ आहे. योहान हेल्फर हा प्रागचा वैद्य आणि निसर्गशास्त्रज्ञ. तेनासरीमच्या किनाऱ्यावर त्याने पुष्कळ संग्रह केला. १८४० च्या जानेवारीत तो अंदमानच्या किनाऱ्यावर उतरला आणि तेथील लोकांच्या बाणांनी मारला गेला. पुढे १८६६ साली कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानातील सुल्पिझ कुर्झ हे जर्मन गृहस्थ तेथे गेले. हा माणूस मोठा अवलिया असावा. पूर्वायुष्यात टोपणनावाने जावामध्ये डच सैन्यात चाकरी करून आलेला. अंदमानच्या वनस्पतींवरील त्यांचा अहवाल १८७० साली छापला गेला, आणि आजही तेथील अभ्यासकाला प्रारंभ त्यापासूनच करावा लागतो. डेव्हिड प्रेन १८९१ मध्ये नारकोंडम व बॅरन या दोन ज्वालामुखी बेटांवर जाऊन आले. कोणते झाड येथे कसे पोचले असेल, हा प्रश्न त्यांनी धरला. समुद्राच्या प्रवाहाबरोबर तरंगत आलेली, पाखरांच्या पोटातून आलेली आणि वाऱ्यावर उडत आलेली, अशी त्यांनी झाडांची वर्गवारी लावली. निर्जन बेटावरील प्रत्येक झाड हा एक बदली होऊन आलेला कर्मचारीच की!

नारकोंडमच्या नावाविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. हे नाव 'नरककुंड' या शब्दावरून आले असे सांगतात. गंमत अशी की नारकोंडमचा ज्वालामुखी कित्येक शतके थंड आहे, आणि शेजारच्या बॅरन बेटावरील धगधगता. तेव्हा मूळचे 'नरककुंड' हे बॅरनच असावे आणि कोणा नकाशा काढणाऱ्याच्या हातून ते नाव बाजूच्या बेटावर जाऊन बसले असावे, असा जाणकारांचा तर्क आहे. नकाशावर एकदा बसलेले नाव मग उठत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण या १८९० साली स्थापन झालेल्या संस्थेची पुनर्रचना झाली. पुढच्याच वर्षी आपल्या पुण्याला तिचे पश्चिम मंडल निघाले. खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारे मुंबईच्या झेवियर्स महाविद्यालयाचे फादर सांतापाव पुढे या संस्थेचे संचालक झाले. पोर्ट ब्लेअरचे केंद्र निघाले ते १९७२ मध्ये. म्हणजे कुर्झनंतर शंभर वर्षांहून अधिक काळ जो कोणी जाई तो पाहुणा म्हणून जाई. मुक्काम ठोकून बेटे पाहण्याचे काम त्यानंतर सुरू झाले.

आता हे काम प्रत्यक्ष कसे चालते ते पाहू. दौऱ्यावर निघालेला शास्त्रज्ञ सोबत ताडपत्री, दोरखंड, छाटणीची कात्री, लाकडी दाबपट्ट्या, स्पिरिट आणि पुष्कळशी जुनी वर्तमानपत्रे घेतो. बेटाला धक्का असेल तर उत्तम. नसेल तर लहान होडीतून, जिला तेथे डुंगी म्हणतात, उतरून छातीभर पाण्यातून सामान डोक्यावर न्यावे लागते. झाडावर चढण्यासाठी बहुधा रांचीवाले असतात. छोटा नागपूरहून पूर्वी जंगलकामासाठी आणलेल्या लोकांची ही प्रजा आता तेथीलच झाली आहे. शंभर फूट उंच गर्जन वृक्षाचे फूल हवे असेल तर ते आपल्या पुस्तकी माणसाच्या हाती कसे येणार? ते रांचीवाल्याच्याच हाती येते. मग फूल, फळ, पाने असलेली फांदी वर्तमानपत्राच्या घडीत पसरायची, दाबायची, आणि कागद रोज बदलायचा. मुख्य भूमीवर आठवडाभरात पान वाळते. त्या बेटांवर वर्षातील सात-आठ महिने पाऊस; कागद बदलला तरी बदललेला कागदच दमट. म्हणून तेथे गठ्ठा बांधून त्यावर स्पिरिट ओततात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करतात आणि परत आल्यावर वाळवतात. नाही तर तीन दिवसांत बुरशी सगळा दौरा खाऊन टाकते.

या वर्तमानपत्रांवरून एक प्रसंग आठवतो. एका दौऱ्याच्या देयकात 'जुनी वर्तमानपत्रे, ४५ किलो' अशी खरेदी होती. त्यावर तपासणाऱ्या कार्यालयाचा आक्षेप आला, की रद्दी ही विकण्याची वस्तू आहे. ती विकत घेण्याचे प्रयोजन काय ते स्पष्ट करावे. आम्ही अर्ध्या पानाचे उत्तर लिहिले. ओल्या वनस्पतीतील पाणी कागद कसे शोषतो, एका फांदीस किती घड्या लागतात, कागद किती वेळा बदलावा लागतो, हे सर्व त्यात होते. आक्षेप मागे घेतला गेला. आमच्या सेवाकाळात आम्ही लिहिलेल्या टिपणांत आम्हांस आजही अभिमान वाटावा असे ते एकच टिपण. पोर्ट ब्लेअरची रद्दी बंगाली, तमिळ आणि हिंदी. आमच्या घरी टपालाने येणारी मराठी वर्तमानपत्रेही शेवटी त्याच कामी येत. सौभाग्यवतींनी दिवाळी अंक मात्र देण्याचे साफ नाकारले, आणि शास्त्रज्ञांनीही आग्रह धरला नाही, कारण गुळगुळीत कागद पाणी शोषत नाही.

वाळलेली फांदी मग सुमारे बेचाळीस सेंटिमीटर लांब व अठ्ठावीस रुंद अशा जाड कागदावर चिकटवतात किंवा शिवतात. उजव्या कोपऱ्यात खाली एक चिठ्ठी लावतात: नाव, ठिकाण, उंची, दिनांक, गोळा करणाऱ्याचे नाव व अनुक्रमांक. ही चिठ्ठी हाच या सर्व खटाटोपाचा प्राण आहे. चिठ्ठी हरवलेली फांदी म्हणजे वाळका पाला. मग ती कितीही दुर्मिळ जातीची असो. फांदी जुनी झाली, किडीने अर्धी खाल्ली, तरी चिठ्ठी शाबूत असेल तर ती अमुक दिवशी अमुक ठिकाणी हे झाड उभे होते याची साक्ष देत राहते. जुन्या चिठ्ठ्यांवर मात्र ठिकाण म्हणून नुसते 'दक्षिण अंदमान' एवढेच लिहिलेले असते. म्हणजे एखाद्याने आपला पत्ता 'महाराष्ट्र' असा सांगावा, तसे. आता उपग्रहावरून जागेचे अक्षांश-रेखांश कळतात, त्यामुळे हा प्रश्न नव्या चिठ्ठ्यांपुरता सुटला आहे. चिठ्ठीवर झाड दाखवणाऱ्या रांचीवाल्याचे किंवा निकोबारी वाटाड्याचे नाव क्वचितच असते, हे आम्हांस नेहमी खटकले. ज्या केवड्याचे फळ निकोबारी लोक पिढ्यान्‌पिढ्या अन्न म्हणून शिजवीत आले, त्याची ओळख पटवण्यास त्यांच्याहून जाणता कोण?

अशा हजारो चिठ्ठ्यांवरून नकाशा होतो. प्रत्येक चिठ्ठीचा एक ठिपका. एकदा एका तरुण शास्त्रज्ञाने असा नकाशा आमच्या टेबलावर पसरला आणि विचारले, 'साहेब, काय दिसते?' आम्ही पाहिले. ठिपके एका रेघेने उत्तरेकडे जात होते आणि काही ठिकाणी किनाऱ्यावर त्यांचे पुंजके झाले होते. ती रेघ म्हणजे अंदमानचा हमरस्ता, आणि ते पुंजके म्हणजे धक्के! झाडे काही रस्त्याच्या कडेने राहावयास आलेली नव्हती. माणूस कोठवर पोचला होता, त्याचा तो नकाशा होता. दोन ठिपक्यांमधली कोरी जागा म्हणजे तेथे काही नाही, असा अर्थ त्यावरून मुळीच निघत नाही.

येथे आम्हांस आमच्या कारकुनी भाषेतील एक बारकावा आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. 'सदर ठिकाणी ही जात आढळली नाही' असे एका अहवालात लिहिले जाते. त्यावरून दुसरे टिपण होते, त्यात ते 'आढळत नाही' असे होते. तिसऱ्या टिपणात 'सदर ठिकाणी उल्लेखनीय वनस्पती नाहीत'. पहिले वाक्य पाहणाऱ्याविषयी आहे: तो दोन दिवस होता, पाऊस होता, होडीला भरतीची वेळ गाठायची होती. शेवटचे वाक्य जमिनीविषयी आहे, आणि निर्णय या शेवटच्या वाक्यावर होतात. तिन्ही वाक्ये लिहिणारी माणसे प्रामाणिक असतात. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना क्रियापदाचा काळ बदलतो, एवढेच.

उदाहरण घ्यावयाचे तर रानकेळीचे घेऊ. केळ ही काही दृष्टीआड राहणारी वनस्पती नव्हे. तरीही लिटल अंदमान बेटावरील कृष्णानाला अरण्यातील एक संपूर्ण वेगळी रानकेळ २०१२ पर्यंत शास्त्राला अज्ञात होती. फुले हिरवी, गर केशरी, आणि घडाचा दांडा नेहमीच्या केळीच्या मानाने कितीतरी लांब. वनस्पती सर्वेक्षणाचे डॉ. लालजी सिंह यांना ती दिसली आणि २०१४ साली तिला 'म्यूसा इंदांदमानेन्सिस' हे नाव मिळाले. तोवर कोणी विचारले असते तर उत्तर काय आले असते? 'आढळत नाही.'

आपल्या महाराष्ट्रातही हेच घडले आहे. शिंदळ माकुडी ही कड्याच्या कपारीत वाढणारी मांसल वनस्पती. डॅल्झेल यांनी १८६० च्या दशकात तिचे वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर फ्रिअर यांच्यावरून तिला 'फ्रेरिया इंडिका' असे नाव दिले. प्रथम ती जुन्नरकडच्या डोंगरावरची म्हणून ठाऊक होती. पुढे पुरंदर, वज्रगड, सज्जनगड अशी तिची ठिकाणे वाढत गेली. ती तेथे नव्याने गेली असे नव्हे. कड्यांवर चढणारे, आणि चढताना कपारीत पाहणारे वाढले. सह्याद्रीचे हे कडे म्हणजे एका अर्थी बेटेच आहेत, भोवती समुद्र नाही एवढेच.

ठिपक्यांचा नकाशा कधी कोडेही घालतो. बेंटिंकिया नावाच्या ताडवर्गीय झाडांच्या कुळीत दोनच भावंडे आहेत. एक केरळ-तमिळनाडूच्या डोंगरकड्यांवर राहते, दुसरे ग्रेट निकोबार बेटावर. मध्ये अख्खा बंगालचा उपसागर. ही फाटाफूट कधी आणि कशी झाली, याची उत्तरे शास्त्रज्ञ शोधतील. परंतु दोन्हीकडच्या चिठ्ठ्या नसत्या तर असा प्रश्न आहे हेच कोणास कळले नसते.

आणि बेटे स्वस्थ बसत नाहीत. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने व त्सुनामीने उत्तर अंदमानचा किनारा मीटरभर वर उचलला गेला. तेथील खारफुटी भरतीच्या पाण्याला मुकून वाळली. त्याच सकाळी दक्षिणेस ग्रेट निकोबारचे इंदिरा पॉइंट हे टोक सुमारे सव्वाचार मीटर खचले. १९७२ साली बांधलेला दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला आणि निकोबारमधील खारफुटीची बहुतेक सारी वने समुद्राखाली गेली. त्यापूर्वी त्या किनाऱ्यांवरून गोळा केलेली पाने आज संग्रहालयाच्या कपाटात आहेत. ती ज्या जमिनीवरून आणली ती जमीन जागेवर नाही. बॅरन बेटाचा ज्वालामुखी दीडशे वर्षांहून अधिक काळ शांत राहून १९९१ साली पुन्हा जागा झाला. प्रेन यांनी शंभर वर्षांपूर्वी केलेली यादी आहे, म्हणून राखेवर पुन्हा काय उगवते आहे याची तुलना तरी करता येते.

ग्रेट निकोबारविषयी आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. तेथे बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नगर यांचा मोठा प्रकल्प हाती घेण्यात आला असून त्यासाठी १३०.७५ चौरस किलोमीटर वनजमीन वळवण्यास २०२२ मध्ये तत्त्वतः मान्यता देण्यात आली. बेटाचे एकूण क्षेत्र सुमारे ९१० चौरस किलोमीटर. बंदराची जागा गॅलॅथिया उपसागरात आहे. १८४६ साली निकोबारला आलेल्या 'गॅलॅथिया' या डॅनिश जहाजाचे नाव त्या उपसागराला पडले, आणि त्या जहाजावर वनस्पती गोळा करणारेही होते. प्रकल्प असावा की नसावा याविषयी सरकारी सेवकाने व्यासपीठावरून मत देणे उचित नाही, व आम्ही ते देणार नाही. परंतु तेथे जाण्यास पोर्ट ब्लेअरहून जहाजाने दोन-तीन दिवस लागतात, आतल्या अरण्यात शोंपेन लोकांची वस्ती आहे, आणि नकाशावरचे ठिपके तेथे फार विरळ आहेत. झाडे तोडण्यापूर्वी मोजली जातात. मोजण्यापूर्वी ती ओळखावी लागतात. हे म्हणण्यास सेवाशर्तींची आडकाठी नसावी.

एक कोरी जागा मात्र कोरीच राहावी असे आमचे मत आहे. १९५६ च्या आदिवासी संरक्षण विनियमाने उत्तर सेंटिनेल बेटावर जाण्यास बंदी आहे आणि तेथील लोकांनीही ती आपल्या परीने पाळून घेतली आहे. त्या बेटावर एखादी अज्ञात केळ असेल, तर ती ज्यांना ठाऊक असायला हवी त्यांना ठाऊक आहेच.

हे सर्व आपण येथे बसवनगुडीत का ऐकावे, असे कोणी विचारील. एक तर या बेटांच्या अभ्यासाशी बंगळूरचा संबंध जुना आहे. सेंट जोसेफ्स महाविद्यालयाचे फादर सेसिल सालढाणा यांनी हासन जिल्ह्यातील वनस्पतींचा ग्रंथ १९७६ साली सिद्ध केला आणि पुढे १९८९ मध्ये अंदमान, निकोबार व लक्षद्वीप यांच्या पर्यावरणावरील अहवाल लिहिला. त्यांनी उभारलेला वनस्पतिसंग्रह आता भारतीय विज्ञान संस्थेत आहे. दुसरे असे की, आपल्यापैकी निम्मे सभासद रोज सकाळी लालबागेत फिरावयास जातात. तेथील वृक्षांवरच्या पाट्या आपण वाचतो, त्या पाट्यांमागे असा कोणीतरी छातीभर पाण्यातून चाललेला माणूस असतो.

ज्यांना संग्रहातील पान प्रत्यक्ष कसे दिसते याचे कुतूहल असेल, त्यांच्यासाठी आम्ही एक पान करून आणले आहे. लालबागेत काही तोडण्यास मनाई आहे, म्हणून हे आमच्या घरामागील मोकळ्या भूखंडातले. साधीच वनस्पती आहे. आपण जिला कुंभा म्हणतो व शेजारचे कन्नड बांधव तुंबे म्हणून शंकराला वाहतात, ती. चिठ्ठीवर ठिकाण, दिनांक, आमचे नाव आणि ती आम्हांस दाखवणाऱ्या मोलकरीणबाईंचे नाव, सर्व रीतसर लिहिले आहे. त्या भूखंडावर गेल्या आठवड्यात पायाचे खोदकाम सुरू झाले. पान बाहेरच्या टेबलावर ठेवले आहे. पाहताना दोन्ही हातांनी आडवे धरावे, पुस्तकाच्या पानासारखे उलटू नये.